शत्रू नसताना लढणारे राखणदार : इसब समजून घेऊ या



आरोग्य शिक्षणाच्या या पाठासाठी आपण इसब हा आजार घेतला आहे. दवाखान्यात त्याला एक्झिमा म्हणतात. इसबाने सहसा कोणी दगावत नाही, म्हणून त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. पण ज्या लेकराला रात्रभर खाज सुटते ते झोपत नाही, त्याची आई झोपत नाही, आणि सकाळी उठून तिला मजुरीला जायचे असते. तेच मूल वसतिगृहात गेले की शेजारचे मूल आपली सतरंजी दूर ओढून घेते. कोणी म्हणते अंघोळ करत नाही, कोणी म्हणते लागट आहे, कोणी म्हणते कुणाची तरी नजर लागली. यातले एकही खरे नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण आदिवासी पाड्यांवरच्या दवाखान्यांसाठी आणि वसतिगृहांसाठी औषधे, मलमे, कपडे गोळा करून देतात. प्रेमाने दिलेली वस्तू योग्य जागी लागावी, तिने कोणाचे नुकसान होऊ नये, ही आपली सर्वांची इच्छा असते. त्यासाठी इसबात शरीराच्या आत काय घडते, हे थोडे समजून घ्यायला हवे. इसबाचे अनेक प्रकार आहेत. आपण येथे लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या, ज्याला अ‍ॅटोपिक एक्झिमा म्हणतात, त्या प्रकाराविषयी बोलणार आहोत.

१. त्वचा म्हणजे लिंपलेला कूड

पालघर, रायगडकडच्या पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचा कूड असलेली घरे आपण पाहिली असतील. काठ्या एकमेकींना बांधतात आणि वरून शेणामातीने लिंपतात. लिंपण धड असेल तोवर घरात वारा शिरत नाही, किडामुंगी येत नाही. लिंपणाला भेगा पडल्या की काठ्या शाबूत असूनही घर उघडे पडते.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर असाच असतो. तो कागदापेक्षाही पातळ आहे. त्यात चपट्या, मृत पेशी काठ्यांसारख्या दाटीने बसलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचे लिंपण असते. हा थर आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत येऊ देत नाही.

हा थर घट्ट बसावा म्हणून शरीर फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन तयार करते. ते पेशींमधले धागे एकत्र बांधते, आणि पुढे त्याचे विघटन झाले की त्यातून त्वचेत ओलावा धरून ठेवणारे पदार्थ मिळतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील शास्त्रज्ञ अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्यांच्या फिलॅग्रिनच्या जनुकात जन्मतःच दोष असतो त्यांना इसब होण्याचा संभव बराच वाढतो. इसब असलेल्या प्रत्येकात हा दोष सापडत नाही, आणि दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होतोच असेही नाही. पण त्या शोधाने एक गोष्ट पक्की केली : पुष्कळ मुलांमध्ये आजाराची सुरुवात भिंत कच्ची असण्यापासून होते. आईने काही चुकीचे खाल्ले म्हणून किंवा घर अस्वच्छ आहे म्हणून नव्हे.

२. भिंतीआडचे राखणदार

भिंतीच्या आतल्या बाजूला शरीराने राखणदार बसवलेले आहेत. यांनाच रोगप्रतिकारक पेशी म्हणतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्वचेचा तुकडा सोन्याच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे त्याला वाटले. त्या रोगप्रतिकारक पेशी आहेत हे कळायला पुढे सुमारे शंभर वर्षे लागली. आज त्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात.

शेताच्या माळ्यावर बसलेला राखणदार जसा चहूकडे नजर ठेवतो, तशा या पेशी आपल्या फांद्या पसरून बसतात. बाहेरचे काही आत आले की त्याचा तुकडा उचलतात, जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तेथल्या टी पेशींना दाखवतात. टी पेशी म्हणजे प्रत्यक्ष लढाई चालवणारे गडी. आलेला पाहुणा धोक्याचा आहे की निरुपद्रवी, यावर त्यांची पुढची चाल ठरते. प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे २,००० कोटी टी पेशी असतात. रक्तात फिरणाऱ्या टी पेशींच्या जवळजवळ दुप्पट! त्वचेच्या राखणीला शरीर किती महत्त्व देते, हे यावरून ध्यानात येईल.

टी पेशींच्याही निरनिराळ्या तुकड्या आहेत. काही जंतूंशी लढतात, काही बुरशीशी. टीएच-२ नावाच्या तुकडीचे मुख्य काम जंत आणि तत्सम परजीवींना हुसकावण्याचे. इसबात गोंधळ होतो तो मुख्यतः या तुकडीचा.

३. गोंधळ कसा होतो?

भिंतीला भेगा पडल्या की वरच्या थरातील पेशी धोक्याची हाक देतात. ही हाक म्हणजे त्यांनी सोडलेली रसायने. ती ऐकून टीएच-२ पेशी आणि त्यांच्या मदतनीस पेशी जमा होतात. आत शिरलेली असते ती साधी धूळ, परागकण किंवा साबणाचा अंश. खरा शत्रू कोणीच नसतो. तरी गडी लढायला उभे राहतात आणि आपले निरोप सोडू लागतात. या निरोपांना इंटरल्यूकिन म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. इसबात ४, १३ आणि ३१ हे तीन क्रमांक विशेष महत्त्वाचे.

इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा एक परिणाम असा की, त्वचेच्या पेशी फिलॅग्रिन आणि स्निग्ध पदार्थ कमी तयार करतात. म्हणजे राखणदार लढताना आपल्याच घराचे लिंपण उखडतात. भेगा वाढतात, आणखी धूळ आत येते, आणखी हाक जाते, आणखी गडी येतात. जन्मतः फिलॅग्रिन चांगले असलेल्या मुलाची भिंतही अशा प्रकारे कच्ची होऊ शकते.

याच निरोपांमुळे त्वचेतील नैसर्गिक जंतुनाशक पदार्थही कमी पडतात. मग स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू तेथे ठाण मांडतो. त्याची विषे टी पेशींना आणखी चिथावतात. पू, पिवळी खपली आणि चिघळणे दिसू लागते ते बहुधा यामुळे.

टीएच-२ पेशींच्या सांगण्यावरून शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडेही वाढतात. पण रक्ततपासणीत आयजीई जास्त निघाले म्हणजे अमुक अन्नानेच इसब झाला, असे सिद्ध होत नाही. हे येथे मुद्दाम सांगत आहोत. अंडी, मासे, दूध हे पदार्थ अंदाजाने बंद केले जातात, आणि ज्या मुलाला आधीच पोटभर सकस अन्न मिळत नाही ते आणखी अशक्त होते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा उलट्या होत असतील, तर डॉक्टरांना सांगावे. त्यांनी सांगितल्याशिवाय मुलाचे अन्न तोडू नये.

४. खाज आणि ओरखडा

इंटरल्यूकिन-३१ थेट खाजेच्या मज्जातंतूंना चेतवते. ४ आणि १३ हेही त्या तंतूंना हळवे करतात. म्हणून इसबाची खाज ही नुसती सवय नाही. “खाजवू नकोस” असे ओरडून ती थांबत नाही. खाजवल्याने भिंत आणखी फाटते, भिंत फाटल्याने पुन्हा हाक जाते. हे चक्र रात्रंदिवस फिरते. वारंवार खाजवून त्वचा जाड आणि काळपट होते.

अंगावर गांधी उठतात तेव्हाची खाज मुख्यतः हिस्टामीनमुळे येते. इसबाची खाज मुख्यतः या वेगळ्या निरोपांमुळे येते. म्हणूनच गांधीवर गुणकारी ठरणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या इसबावर फारशा चालत नाहीत.

५. बरे झालेल्या जागीच पुन्हा का?

“मागच्या वेळी बरे झाले होते, पुन्हा कोपराच्या आतच आले,” असे आया सांगतात. याचेही उत्तर टी पेशींत आहे. लढाई संपली तरी काही टी पेशी त्याच जागी मुक्कामाला राहतात. त्यांना आठवणीच्या पेशी म्हणता येईल. वरून त्वचा स्वच्छ दिसते, पण भिंतीला नवी भेग पडताच त्या पुन्हा हाकाटी करतात. म्हणून इसब दिसेनासा झाला तरी तेल किंवा मलम लावून भिंत राखण्याचे काम थांबवायचे नसते. शेत कापून झाले तरी कूड दरवर्षी लिंपावाच लागतो, तसे हे आहे. समाधानाची गोष्ट अशी की, पुष्कळ मुलांचा त्रास वाढत्या वयाबरोबर कमी होतो.

६. शत्रू आहे की नाही?

आता या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. इसबात राखणदार शत्रू नसताना लढतात. पण अंगाला खाज आणणाऱ्या इतर काही आजारांत शत्रू खरोखरच असतो, आणि तेथे राखणदारांचे लढणे योग्य असते. वरून पाहता हे आजार सारखे दिसू शकतात, म्हणून फरक ओळखायला शिकू या.

इसब : तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. मोठ्या मुलांत कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेवर. त्वचा एकूणच कोरडी असते. घरात कोणाला दमा किंवा वारंवार शिंका येण्याचा त्रास असू शकतो. इसब स्पर्शाने पसरत नाही.

खरूज : येथे त्वचेत शिरलेला अगदी बारीक किडा असतो. खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ दिसते, आणि एकाच घरातील किंवा एकाच खोलीतील अनेकांना खाज असते. खरूज लागट आहे. घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावायला हवे, खाज नसली तरी. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरू नये.

नायटा : ही बुरशी आहे. बहुधा गोल कडी दिसते, कड उठावदार आणि मधला भाग त्यामानाने स्वच्छ. जांघेत, कमरेला, डोक्यात होतो. हाही लागट आहे.

कुष्ठरोगाचा चट्टा : फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर सहसा खाज नसते आणि जो बधिर असतो. अशी शंका आली तर लगेच सरकारी आरोग्य केंद्रात पाठवावे. तपासणी आणि उपचार मोफत असून रोग बरा होतो.

एक खबरदारी. पुस्तकांत इसबाचे वर्णन “लाल चट्टे” असे असते. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो लाल दिसेलच असे नाही. तो तपकिरी, राखाडी किंवा जांभळट दिसतो, आणि पुष्कळदा केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या हाताला लागतात. बरा झाल्यावर जागा काही महिने फिकट किंवा काळी राहते. त्या फिकट जागेला कोड किंवा कुष्ठ समजून मुलाला दूर बसवले जाऊ नये.

७. मलम : मित्र आणि वैरी

१९५२ साली अमेरिकेत मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवले की, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्वचेवर लावल्यास इसब शांत होतो. स्टेरॉइड पेशीच्या आत जाऊन निरोप तयार करण्याचे कामच मंद करते. राखणदार शांत होतात, खाज उतरते, भिंत पुन्हा बांधायला वेळ मिळतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने, योग्य तीव्रतेचे, ठरावीक दिवस वापरले तर इसबावर ते उत्तम औषध आहे. त्याच्या नुसत्या नावाला भिऊन मुलाला तळमळत ठेवणेही बरोबर नाही.

पण तेच मलम नायट्यावर लावले तर काय होईल? तेथे बुरशी हा खरा शत्रू आहे. आपण राखणदारांना झोपवतो आणि शत्रूला मोकळे रान देतो. दोन दिवस खाज थांबते, मलम लागू पडले असे वाटते, आणि आत नायटा पसरत जातो. त्याची ओळखीची गोल कडीही पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान कठीण होते. खरजेचेही तसेच.

बाजारात एकाच नळीत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध अशी मिश्रणे मिळतात. कसलीही खाज असली तरी ती लावली जातात. गोरे होण्यासाठी चेहऱ्यावरही लावली जातात. त्याने त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर केस व पुटकुळ्या येतात, आणि मलम सोडताच आग होऊ लागते. २०१८ साली भारत सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच विकण्याच्या औषधांच्या यादीत घातली, ती याच कारणाने. तरीही ही मलमे सहज मिळतात आणि उरलेली नळी दुसऱ्याला दिली जाते.

नवी औषधेही आली आहेत. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा निरोप अडवणारे डुपिलुमॅब हे इंजेक्शन २०१७ साली अमेरिकेत मान्य झाले. ज्यांचा इसब कशाने आटोक्यात येत नव्हता अशा अनेकांना त्याचा गुण आला. ते फार महाग आहे आणि पाड्यावरच्या मुलापर्यंत आज पोहोचत नाही. पण हे दोन निरोप रोखले की इसब शांत होतो, हे त्याने दाखवून दिले. म्हणजे आपण वर पाहिलेली गोष्ट नुसती कल्पना नाही.

८. घरी आणि वसतिगृहात काय करावे?

सर्वांत स्वस्त उपाय भिंत लिंपण्याचा आहे, आणि तो प्रत्येकाच्या हातात आहे.

• अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आटपावी. कपडे धुण्याचा साबण अंगाला लावू नये. घासणी किंवा दगडाने अंग घासू नये.

• अंग टिपून कोरडे करावे आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, पेट्रोलियम जेली किंवा शुद्ध खोबरेल तेल सर्वांगाला लावावे. दिवसातून निदान दोन वेळा. मोहरीचे तेल अशा त्वचेला झोंबते, ते टाळावे.

• लिंबू, चुना, रॉकेल, जंतुनाशकाचे पाणी यांपैकी काहीही लावू नये. भेगाळलेल्या भिंतीवर हा नवा मारा होतो.

• नखे कापलेली ठेवावीत. अंगाला लागून सुती कपडा असावा.

• डॉक्टरांनी स्टेरॉइड मलम दिले असेल तर माप असे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

• पू येणे, ताप येणे, किंवा अचानक दुखणाऱ्या बारीक फोडांचे पुंजके उठणे, ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

९. आपला वाटा

आपण औषधांची पेटी भरताना घरात उरलेल्या मलमाच्या नळ्या त्यात टाकू नका, विशेषतः मिश्रणाच्या. त्यांऐवजी पेट्रोलियम जेलीचे मोठे डबे, खोबरेल तेल, सौम्य साबण, नखे कापायची नेलकटरे पाठवा. खरजेचे औषध द्यायचे असेल तर आधी दवाखान्यातील परिचारिकेला विचारा आणि एका मुलाला नव्हे, पूर्ण खोलीला पुरेल इतके द्या. लोकरीचे स्वेटर देत असाल तर आत घालायला सुती सदराही द्या, कारण इसब असलेल्या अंगाला लोकर टोचते.

आणि पाड्यावर किंवा वसतिगृहात भेट द्याल तेव्हा इसब असलेल्या मुलाचा हात हातात घ्या. त्याला आपल्या शेजारी बसवा आणि इतर मुलांना सांगा की हे लागट नाही. तुमच्याकडे पाहून उद्या त्यांच्यातील कोणीतरी आपली सतरंजी त्याच्या सतरंजीला भिडवून टाकील. हे काम कोणत्याही मलमाने होणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. इसब आणि खरूज यांतील तीन फरक सांगा. यांपैकी कोणता आजार लागट आहे?

२. स्टेरॉइड मलम इसबावर उपयोगी आणि नायट्यावर घातक का ठरते? “राखणदार” आणि “शत्रू” हे शब्द वापरून समजावून सांगा.

३. इसब दिसेनासा झाल्यावरही तेल किंवा जेली लावणे का चालू ठेवावे?

४. आपल्या गटाने मागच्या वेळी पाठवलेल्या वस्तूंची यादी काढा. त्यांतील कोणत्या वस्तू पुढच्या वेळी बदलाव्यात असे आपल्याला वाटते?